माणूस पहिल्यांदा काय बोलला

अमरावतीच्या राजापेठेत मला 'उगमवाले सर' म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर मराठी शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर समोर बसायला कुणी उरलं नाही म्हणून गावोगाव एक व्याख्यान देत सुटलो. व्याख्यान एकच. 'माणूस पहिल्यांदा काय बोलला?' भातकुलीत दिलं, मोझरीला दिलं, एकदा साडूच्या मुलाच्या साखरपुड्यात पंगत उशिरा बसणार होती तेव्हा तिथेही दिलं. लोक ऐकतात. वऱ्हाडातला माणूस चहा येईपर्यंत काहीही ऐकतो.

व्याख्यानाची मांडणी मी फार मेहनतीने बसवली होती. जुन्या माणसाची हाडं सापडतात, दगडाची हत्यारं सापडतात, चुलीतली राखसुद्धा सापडते. शब्द मात्र कुठल्याही खड्ड्यात सापडत नाही. मग भाषा कधी सुरू झाली याचा पुरावा आणायचा कुठून? पॅरिसच्या भाषापंडितांनी दीडशे वर्षांपूर्वी कंटाळून नियमच केला, की या विषयावर आमच्याकडे निबंध पाठवू नका. इथे हशा यायला पाहिजे. एका बादशहाने म्हणे मुक्या दायांच्या हाती तान्ही मुलं दिली, की बघू ती आपसूक कुठली भाषा बोलतात. मुलं मुकीच राहिली. इथे हळहळ. मग आपल्या मेळघाटातली कोरकू भाषा, तिची नातलग थेट कंबोडियात. मग बुलढाण्याकडची निहाली, जिला जगात एकही नातलग सापडलेली नाही. इथे श्रोत्यांची छाती फुगते, जणू निहाली त्यांनीच सांभाळून ठेवली आहे. आणि शेवटी गुहा.

"बाहेर काळोख," मी आवाज खाली आणतो, "आत जाळ. जाळाभोवती माणसं. आणि त्यातल्या एकाने तोंड उघडलं, आणि तो म्हणाला..."

इथे मी थांबतो. शांतपणे पाण्याचा घोट घेतो आणि सभागृहावरून नजर फिरवतो. हा थांबा म्हणजे माझ्या विद्वत्तेचा कळस, असं माझं मत होतं.

मागच्या वर्षी अकोल्याच्या एका वाचनालयात मी असाच थांबलो. ग्लासाकडे उजवा हात नेला, तर हात गेलाच नाही. पुढचं वाक्य उचलायला गेलो, तर वाक्यही जागेवर नव्हतं. सभागृह मात्र भारावून गेलं होतं. इतका लांब थांबा त्यांनी कधी पाहिलेला नसणार. मागच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या पुढे आल्या. अध्यक्ष भगवंतराव, भला माणूस, माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "सर, म्होरं?"

मी त्यांच्याकडे वळलो आणि जमेल तितक्या नम्रपणे 'पाणी' म्हणालो. बाहेर पडलं ते असं:

"बैताड."

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. बैताड म्हणजे मूर्ख, पण साधा मूर्ख नव्हे. ज्याच्या मूर्खपणावर उपाय करण्याची आशा घरच्यांनी सोडून दिली आहे असा. माईक चालू होता. लोकांना वाटलं, आदिमानवाचा पहिला शब्द तोच. टाळ्या आणखी वाढल्या. भगवंतरावांना काय वाटलं ते मी अजून विचारलेलं नाही.

मला वाचवलं ते अब्दुल रहीमने. राजापेठेत त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे, आणि माझ्या व्याख्यानांना गाडी तोच काढतो, कारण त्याला गाडी चालवायला आवडते आणि मला पेट्रोल भरायला लागत नाही. हे व्याख्यान त्याला पाठ होतं. थांबा किती लांब असतो हेही त्याला माहीत होतं. तो पहिल्या रांगेतून उठला आणि म्हणाला, "अरे, टाया काय वाजवून राह्यले? सरचं तोंड पाहा, वाकडं झालं. लकवा हाय हा. उचला त्यायले."

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेवर पोचलो, म्हणून पायात लवकर जोर येईल, हातातही येईल, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं मात्र त्यांनी दोन्ही हात वर करून सोडून दिलं. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं. शब्दही डोक्यात कुठेतरी होते, म्हणजे घरात किल्ली आहे हे माहीत असावं आणि सापडू नये तसे. तोंडात शिल्लक होता तो एकच. ज्या माणसाने पहिल्या मानवी शब्दावर आयुष्य घालवलं त्याच्याकडे निसर्गाने शेवटी तेवढाच ठेवला. मेळघाट पालथा घालायची गरज नव्हती; आदिमानव राजापेठेतच राहत होता आणि त्याला पेन्शन होती.

डॉक्टर तरुण होता. "काका, तुमचं नाव सांगा पाहू."

"बैताड."

त्याने समजुतीने मान डोलावली. तेवढ्यात माझी बायको अमरावतीहून पोचली, धापा टाकत. मी तिच्याकडे पाहून पुन्हा तेच म्हणालो. तिच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला.

"डॉक्टरसाहेब, वळखू येऊन राह्यलं त्यायले," ती म्हणाली. "मी दिसली तवाच म्हनले."

आता खरी अडचण सांगतो, कारण तिच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे. त्या व्याख्यानाच्या आठ-दहा दिवस आधी अकोल्यातच मला नात झाली होती. अंकुर माझा एकुलता मुलगा, प्रणाली माझी सून, तिचं माहेर अकोल्याचं. अंकुरला बहीण नाही, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या नाही. ही रिकामी जागा मी मोठ्या मनाने स्वतःकडे घेतली. माझी थोरली बहीण रुख्मिणी म्हणाली की मी आहे ना, बापाची आत्या म्हणजे पोरीचीही आत्याच, आणि पुरुष माणूस कधी पाळण्यापाशी वाकतो का? मी तिला भाषेच्या उगमाचे चार दाखले दिले. तिने हट्ट सोडला. पटलं म्हणून नव्हे, पाचवा येईल म्हणून.

मी जाहीर केलं होतं की माझ्या नातीच्या कानात जो पहिला शब्द पडेल तो माणसाच्या तोंडच्या सगळ्यात जुन्या शब्दापासून निघालेला असेल. प्रणालीला दिवस राहिले तेव्हापासून मी शोधात होतो. कोरकू पाहिली, गोंडी पाहिली, तेलुगू पाहिली, आफ्रिकेतल्या भाषांचे शब्दकोश मोबाइलवर वाचून डोळे सुजवून घेतले. सगळीकडे लेकरू तोंड मिटतं, उघडतं आणि आईसाठी म-काराचंच काहीतरी बोलतं. त्यातून गाळत गाळत, घासत घासत मी शेवटी एका नावापर्यंत पोचलो.

उमा.

आमच्या गल्लीत तीन उमा आहेत. एक उमा किराणा दुकान आहे.

म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. बारशाला आधी तासभर पार्श्वभूमी समजावून सांगायची, लोकांना त्या गुहेपर्यंत न्यायचं, आणि मग नाव काढायचं, म्हणजे ते उमा वाटणार नाही, असा बेत होता. आणि आता पार्श्वभूमी गेली, गुहा गेली, नाव माझ्या डोक्यात आणि तोंडात बैताड. डाव्या हाताने लिहायला गेलो, तर अक्षरंही जुळेनात.

बारसं बाराव्या दिवशी व्हायचं ते टळलं. प्रणालीच म्हणाली, "बाबांनी इतके महिने शोधलंय. ते बोलतील तेव्हाच ठेवू." ती असं म्हणाली तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर होतो आणि मला रडू आलं. लकव्यात रडू लवकर येतं म्हणतात, पण हे तेवढ्यावर ढकलण्यासारखं नव्हतं. पोरगी बिननावाची राहिली. कुणी बब्बी म्हणायचं, कुणी छकुली, अब्दुल रहीम 'सरकार' म्हणायचा. मला एवढंच हवं होतं की पाळण्यापाशी वाकावं आणि तिच्या कानात एक शब्द माझ्या तोंडचा जावा. तो गेला नाही, तर इतकी वर्षं मी जे बडबडत आलो ती नुसती हवा होती, हे माझं मलाच मान्य करावं लागलं असतं.

अमरावतीला घरी आलो. भेटायला माणसं येत, आणि प्रत्येकाला जाताना एकेक बैताड मिळे. काहींच्या बाबतीत निदान अचूक होतं. कॉलनीतल्या जोशीबाई ते आशीर्वादासारखं घेऊन गेल्या. माझा जुना सहकारी शेखर आला, ज्याने भर स्टाफरूममध्ये माझ्या संशोधनाला 'हवापाण्याचा विषय' म्हटलं होतं. त्याच्यासाठी तो शब्द मी मनापासून काढायला गेलो, सगळा जोर लावला, आणि त्या वेळी नेमका ब्रसुद्धा निघाला नाही. शेखर माझा हात थोपटून गेला. असा अपमान माझा आजवर झाला नव्हता.

अब्दुल रहीमची भाची कहकशाँ बोलण्याचे उपचार करते. ती घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने माझ्यासमोर चमचा धरला आणि हे काय म्हणून विचारलं. मी तिला काय म्हणालो ते सांगायला नको. तिने मनावर घेतलं नाही.

"बरं सर, सतराचा पाढा म्हणा."

आणि मी म्हणालो. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, न अडखळता, खडाखडा, शेवटपर्यंत. बायको पाणी घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"पानी मांगता येईना, न सतराचा पाढा येऊन राह्यला?"

कहकशाँ हसली. तिने समजावलं की पाढे, आरत्या, शाळेतली प्रार्थना, शिव्या, लहानपणी घोकलेलं जे जे असतं ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं. नवीन वाक्य जुळवायचं ते यंत्र बिघडलेलं असलं तरी हा कप्पा उघडतो. "शब्द एकटा यायला घाबरतो, सर. रांगेतून येतो."

तिने हे दोन वाक्यांत सांगितलं. मी हाच मुद्दा घेतला असता तर मध्यंतर करावं लागलं असतं.

त्यानंतर आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ रांगा सुरू झाल्या. आरत्या झाल्या, पाढे झाले, वार आणि महिने झाले. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटलं सरांनी पहिलीचे क्लासेस काढले. एका बाईने फी विचारली. पण पाढ्यात उमा नाही, वारांत नाही, आणि आरतीत कुठे असली तरी तिथे पोचेपर्यंत मी पुढे वाहून गेलेला असे. थांबता येत नव्हतं. ज्याची सगळी कीर्ती थांबण्यावर, त्याला आता थांबताच येत नव्हतं.

सव्वा महिना झाल्यावर प्रणाली बाळाला घेऊन अमरावतीला आली. तिसरा महिना लागताच बारसं करायचं ठरलं, त्याच्यापुढे रुख्मिणी थांबायला तयार नव्हती. ती म्हणाली, "पोरगी शाळेत जाईन तरी बब्बीच राहीन काय?" मग एका दुपारी प्रणाली माझ्या खुर्चीपाशी मोबाइल घेऊन बसली. तिला युक्ती सुचली होती.

"बाबा, मी नावं वाचते. तुमचं नाव आलं की फक्त मान हलवा."

युक्ती इतकी साधी होती की ती मला आधी का सुचली नाही याचा मला राग आला. अंकुर समोर येऊन बसला. बायको भाजी निवडत होती, तिनेही हात थांबवला. प्रणालीने वाचायला सुरुवात केली.

"आर्वी? नाही. इरा? नाही. उमा?"

तिसऱ्याच नावाला. माझी मान हलायला निघाली होती, पण तेवढ्यात तीच हसली. "छे, उमा कसं असेल. एवढ्यासाठी बाबा इतके महिने कशाला शोधतील?" आणि अंकुर म्हणाला, "साधं नाव बाबांच्या डोक्यात येतच नाही."

तुम्हीच सांगा, आता हो कसं म्हणायचं? माझी मान हलली, पण आडवी. चांगली जोरात हलली. प्रणाली पुढे वाचत गेली, अगदी ज्ञपर्यंत, आणि मी प्रत्येक नावाला तितक्याच तुच्छतेने नकार देत गेलो, कारण एकदा मान आडवी हलवायला लागलं की तीही पाढ्यासारखी चालते. शेवटी तिने मोबाइल खाली ठेवला आणि माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं. "काहीतरी फारच वेगळं असणार," ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक म्हणतात. माझी तर जीभही उचलत नव्हती, तरी मी घोळ घालून ठेवला.

आता एकच वाट होती. नाव मीच उच्चारायचं, आणि अशा थाटात उच्चारायचं की उमासुद्धा गुहेतून आल्यासारखी वाटावी. मी न्हाणीघरात दार लावून सराव सुरू केला. अ आ इ ई म्हणत गेलं की उ येई. त्याच्यापुढे ऊ येऊ द्यायचा नाही, हे अवघड. दात दाबून मी ऊ अडवायला शिकलो. मग म मा मि मी मधून मा पकडायचा. एकीकडून उ, दुसरीकडून मा, जसं काही दोन अनोळखी माणसांचं लग्न लावतोय. बाहेरून बायको विचारी, "काय जी, पडले का काय?" बारशाच्या दिवशी सकाळी गिझरसमोर उभा राहून मी अ आ इ ई केलं, थांबलो, आणि स्पष्ट ऐकू आलं: "उ... मा." एकदाच. पुन्हा म्हणून बघायची हिंमत केली नाही. अंगावर पाणी न घेताच बाहेर आलो.

घर बायकांनी भरलं होतं. पाळणा समोरच्या खोलीत, झेंडूच्या माळा लावलेला. बायको घुगऱ्यांचं पातेलं कमरेवर घेऊन वाटायला तयार. पुरुष माणसं ओसरीवर, अब्दुल रहीम त्यात उंबऱ्याच्या अगदी जवळ, मान आत घालून. अंकुरने मला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं. मी येताच कुजबुज थांबली. मला माहीत होतं ती का थांबली. खोलीतल्या प्रत्येक बाईला आतापर्यंत एकदा तरी माझा तो शब्द मिळालेला होता, आणि तो आज पोरीच्या कानात जाणार की काय याची सगळ्यांना धास्ती होती. प्रणालीच्या आईने तर देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. नातीचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती, तिला कशाचीच धास्ती नव्हती.

मी वाकलो. कानाशी तोंड नेलं.

"कुर्रर्रर्र..."

ते नीट आलं. ते यायचंच, त्याला काही अर्थच नाही. रिवाजाप्रमाणे मागून बायकांच्या मुठी पाठीवर पडायला लागल्या, धप धप, हसणं सुरू झालं. मी मनात अ आ इ ई सुरू केलं. आणि माझ्या डोक्याशी उभी असलेली रुख्मिणी, जिला आयुष्यात कधीच धीर धरता आला नाही, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "घे ना रे बाप्पा नाव, किती येळ उभं ठेवतं?"

पाठीवर मुठी, समोर ही बहीण कमरेवर हात ठेवून. आतलं काहीतरी घसरलं आणि भलत्याच रुळावर गेलं. मी अडवलं नाही, अडवता आलंही नसतं. माझ्या तोंडून आवाज निघाला, माझाच जुना, तरणा, थोडासा फुशारकीचा:

"पऱ्हाटीले आलं बोंड, बोंडाले फुटला कापूस,
मनकर्णाचं नाव घेतो, बाई, दार नोको अडवूस."

मुठी थांबल्या. सतराच्या पाढ्यापेक्षाही स्वच्छ आलं होतं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी वाकलेलाच होतो. सरळ व्हायची मला लाज वाटत होती.

उंबऱ्यातून अब्दुल रहीमचा आवाज आला. "मनकर्णा कोन, सर?"

त्याचा दोष नाही. तो आमच्याकडे जन्मभर येतोय, पण त्याच्यासाठी ती नुसती भाभी. मी तिला 'अवं' म्हणतो, 'आयकलं काय' म्हणतो, पाहुण्यांसमोर 'अंकुरची माय' म्हणतो. आमच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारत नसत. जगातल्या भाषांची नावं मला तोंडपाठ होती.

"कोन काय?" रुख्मिणी म्हणाली. "हे काय, घुगऱ्या घेऊन उभी हाय." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने हात कमरेवरून काढले. "माय वं, हा त ह्याच्या लग्नातला उखाना हाय. वरात घरी आली तवा मीच दार अडवून उभी होती. म्या याले नाव घेतल्याबिगर आत येऊ देल्लं नोतं."

मग बायकांमध्ये एकच गलका झाला, की पोरीच्या कानात तर हेच नाव पडलं. रुख्मिणीनेच तो थांबवला. "पन हे नाव ठेवता येत नाई. जित्या मानसाचं नाव लेकराले ठेवत नसतात. उद्या सून पोरीवर कावली त सासूच्या नावानं कावन काय? तू दुसरं सांग रे. तुह्यं ते जुनं-पुरानं कोनतं होतं ते सांग."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. अ आ इ ई माझ्या जिभेवर तयार होते, आणि उ त्यांच्या मागे उभा होता. एवढ्यात प्रणाली सासूकडे वळली.

"आई, तुम्हाला चालेल का?"

बायकोने घुगऱ्यांचं पातेलं खाली ठेवलं. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाळण्याकडे बघत होती.

"त्या दिवशी दारात घेतलं होतं यायनं," ती म्हणाली, "त्याच्यानंतर आज घेतलं. पोरीले ठेवलं त रोज कोनी ना कोनी घेईनच. मले आयकाले त भेटन."

रुख्मिणी पाळण्यापासून बाजूला सरकली. प्रणाली पाळण्यावर वाकली आणि मुलीच्या दुसऱ्या कानात तिने ते नाव पुन्हा सांगितलं, हळू. मी तिथेच उभा राहून रडलो, सगळ्यांसमोर, आणि या वेळी लकव्याचं कारण कुणी पुढे केलं नाही.

याला वर्ष होत आलं. मला आता पुष्कळ बोलता येतं. पाणी मागता येतं, चहा परत पाठवता येतो, शेखरला फोन करून त्याची राहिलेली बाकी चुकती करता आली. हे सगळं मी डाव्या हाताच्या एका बोटाने मोबाइलवर लिहिलं आहे. उमासुद्धा येतं, किराणा दुकानासकट, अगदी सहज. व्याख्यानाची बोलावणी येतात, अब्दुल रहीम गाडी काढायला तयार आहे, पण गुहेतल्या त्या माणसाने तोंड उघडलं की पुढे काय सांगावं हे मला आता सुचत नाही. बहुधा तो कुणालातरी हाक मारत असावा आणि त्यालाही एका दमात जमलं नसावं.

कारण मनकर्णा हे नाव मला सुटं येत नाही. कहकशाँने सगळे उपाय करून पाहिले. ते रांगेतूनच येतं, आणि रांग पऱ्हाटीपासून सुरू होते. आधी बोंड यावं लागतं, मग कापूस फुटावा लागतो, तेव्हा कुठे नाव. अंकुर, प्रणाली इथे आले की मी नातीला हाक मारतो, आणि माझा कापूस फुटेपर्यंत ती रांगत दुसऱ्या खोलीत गेलेली असते. धाकटीची घाई मी समजू शकतो.

थोरली मनकर्णा कुठे जात नाही. मी बाहेरच्या खोलीत 'पऱ्हाटीले' म्हणालो की स्वयंपाकघरात गॅस बारीक केल्याचा आवाज येतो. तिला कळलेलं असतं की हाक तिलाच आहे, पण ती लगेच ओ देत नाही. ओट्याला टेकून उभी राहते, पूर्ण नाव येईपर्यंत.